खाण थांबली, पाणी भरलं. पुढे सांभाळणार कोण?

वाळू-खडी उपसून झाली की मागे राहिलेल्या खड्ड्यांत भूजल भरतं आणि खाणीचं तळं होतं. अशा तळ्यांवर निसर्ग राखीव उभं करू पाहणाऱ्या मंडळांची, मासेमारी क्लबांची, खाणीशेजारच्या शेतकऱ्यांची आणि एका खाण-व्यवस्थापकाचीही पत्रं आमच्याकडे आली. त्यांतली आठ निवडली आहेत. ब्रिटनमध्ये या कामाला सत्तर वर्षं होत आली, म्हणून उदाहरणं बहुतेक तिथली आहेत. पाणी, माती आणि माणसं मात्र सगळीकडे सारखीच वागतात.

प्रश्न : आमच्या भागातली खाण दोन वर्षांत बंद होणार आहे. पक्षीनिरीक्षक, मासेमारी क्लब आणि स्थानिक संस्था एकत्र येऊन राखीव करायचं ठरवतो आहोत. आधी न्यास नोंदवावा, की आधी कंपनीशी करार करावा?

न्यास सहा महिने मागे राहिला तरी चालेल, करार मागे राहता कामा नये. आणि तो कंपनीची यंत्रं जागेवर असतानाच व्हायला हवा. उत्खननयंत्र तिथं उभं असताना काठाचा उतार बदलणं हे चालकाचं दोन दिवसांचं काम असतं. तेच यंत्र वर्षभरानंतर बाहेरून आणायचं म्हटलं, तर रस्ता उरलेला नसतो, काठ पाण्याखाली गेलेला असतो आणि कामाचा खर्च मंडळाच्या आवाक्याबाहेर जातो.

करारात 'पर्यावरणाचं संवर्धन करण्यात येईल' असली वाक्यं कितीही घाला, त्यांचा उपयोग नाही. पाच गोष्टी आकड्यांनिशी आणि जबाबदाराच्या पदासह लिहून घ्या. पाण्याची पातळी कोणत्या महिन्यात किती, तीही पक्क्या खुणेच्या दगडापासून मोजून. पाणी सोडण्याच्या दरवाजाची किल्ली कोणाकडे आणि त्यातल्या पाणी अडवणाऱ्या फळ्या काढण्या-घालण्याचा अंतिम शब्द कोणाचा. कोणत्या वाटेनं वाहन आत येऊ शकतं आणि ती वाट कोण दुरुस्त करतं. अपघात झाला तर विमा कोणाचा. आणि एखाद्या भागीदाराला बाहेर पडायचं असेल तर किती आधी कळवायचं. आमच्या मते वर्षभर तरी. दरवाजाच्या किल्लीचं कलम वाचताना पुष्कळांना हसू येतं, पण भागीदाऱ्या मोडतात त्या बहुतेक तिथंच. मासेमाऱ्यांना उन्हाळ्यात पाणी चढं हवं असतं, चिखलपक्षी मोजणाऱ्यांना उतरतं हवं असतं आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला ते नकोच असतं. निर्णय कोणाचा हे लिहिलेलं नसेल, तर जो पहाटे आधी पोचेल तो फळी काढतो.

आता सहाव्या वर्षाबद्दल. इंग्लंडमध्ये खाण-परवान्यात जागा पुन्हा घडवून दिल्यानंतरची देखभाल साधारण पाच वर्षांची असते. पाच वर्षं रोपं लावली जातात, तण काढलं जातं, अहवाल जातात. सहाव्या वर्षी कंपनीचं कायदेशीर बंधन संपतं, आणि नेमकी तेव्हाच ओल्या काठावर आपोआप उगवणारी विलोची झाडं डोक्याएवढी झालेली असतात. म्हणून पाचापुढच्या वर्षांची तरतूद स्वतंत्र करारानं बांधून घ्यावी लागते. तिथं असे करार नियोजन-परवानगीला जोडून करता येतात. आपल्याकडे जो मार्ग असेल तो वापरा, पण परवानगी मिळण्याच्या आधी. नंतर कोणाला घाई नसते.

राखीव कोण उभं करतं आणि जमीन कोणाकडे राहते, याचे नमुने तीन दिसतात. केंटमधलं सेव्हनओक्स हे १९५६ मध्ये डॉ. जेफ्री हॅरिसन आणि पामेला हॅरिसन यांनी सुरू केलं. खडीच्या खाणीचं राखीव जाणीवपूर्वक, प्रयोग म्हणून घडवण्याचं ब्रिटनमधलं ते पहिलं उदाहरण मानतात. केंब्रिजशायरमधल्या पॅक्स्टन पिट्सची जागा स्थानिक परिषदेची आणि तिच्या पाठीशी 'मित्रमंडळा'चे स्वयंसेवक, अशी जोडी आहे. नॉटिंगहॅमजवळच्या ॲटनबरोचं उद्घाटन १९६६ मध्ये डेव्हिड ॲटनबरो यांच्या हस्ते झालं. तिथं जमीन पुढची कित्येक दशकं खाण-कंपनीकडे आणि व्यवस्था निसर्ग न्यासाकडे होती. अलीकडे न्यासानं लोकवर्गणीतून ती विकत घेतली. तिन्ही पद्धती चालतात. मात्र जमीन दुसऱ्याची असेल तर ती विकली गेल्यास पहिला हक्क आपला, हे कलम हवंच.

प्रश्न : आराखड्यात काठाला १:२० असा मंद उतार दाखवला आहे, तो पक्ष्यांसाठी चांगला असं सांगतात. पण खाणीच्या दोन्ही टोकांना पाणी वेगळ्या पातळीवर राहील असं एका शेजारी शेतकऱ्याचं म्हणणं आहे. पाणी तर सपाटच राहणार ना?

तळ्यातलं पाणी सपाट राहील हे खरं, आणि शेतकऱ्याची शंकाही खरी. जमिनीखालचं पाणी नदीच्या दिशेनं उतरत असतं. समजा हा उतार ५०० मीटरला १ मीटर आहे आणि खाण ५०० मीटर लांब आहे. खोदण्यापूर्वी वरच्या टोकाला भूजल खालच्या टोकापेक्षा १ मीटर उंच होतं. आता मधली माती गेली, पाणी एकसपाट झालं. म्हणजे वरच्या टोकाला ते सुमारे अर्धा मीटर उतरलं आणि खालच्या टोकाला अर्धा मीटर चढलं. वरच्या अंगाच्या उथळ विहिरी आणि जुनी झाडं कोरडी पडतात, खालच्या अंगाची शेतं पाणथळ होतात. हा शेतकरी भागीदार म्हणून हवा असेल, तर हे गणित त्याला आपणच आधी दाखवा. उपायही आहे: एकच मोठा खड्डा करण्याऐवजी मध्ये न खोदलेली पट्टी ठेवून दोन-तीन तळी पायऱ्यांसारखी ठेवायची. प्रत्येक तळ्यापाशी फरक तेवढा कमी होतो.

यात मंद उताराचं काय होतं ते पाहा. १:२० उतारावर पातळीचा अंदाज ३० सेंटीमीटर चुकला, तर पाण्याची कड ६ मीटर सरकते. काठावर आखलेला ३-४ मीटरचा दलदलीचा पट्टा मग एकतर पूर्ण बुडतो किंवा पूर्ण उघडा पडतो. खाण कोरडी ठेवणारा पंप चालू असतानाची पातळी पाहून आराखडा केला की ही चूक हटकून होते. पंप आजूबाजूचं भूजलही खाली ओढत असतो, त्यामुळे तेव्हाच्या मोजणीवरून शेवटची पातळी कळत नाही.

म्हणून खाणीच्या चारही बाजूंना, पंपाच्या ओढीपासून दूर, भोकं पाडलेल्या प्लास्टिक नळ्या जमिनीत उभ्या बसवा आणि दर पंधरा दिवसांनी त्यांतली पातळी मोजा. दोन पूर्ण वर्षं तरी. एका वर्षावर भिस्त ठेवू नका, ते ओलं किंवा कोरडं निघू शकतं. पंप थांबल्यावर पाणी स्थिरावायलाही वेळ द्यावा लागतो. म्हणून काठाचं शेवटचं रेखन करायला यंत्र एकदा परत येईल, हे करारात घालून ठेवा. आणखी एक: धुतलेल्या खडीचा बारीक गाळ खालच्या अंगाच्या काठात हळूहळू बसतो, पाणी झिरपणं मंदावतं आणि काही वर्षांत तळ्याची पातळी थोडी चढते. दरवाजा नसलेल्या तळ्यात याला इलाज उरत नाही.

पाणी अडवायला जमिनीच्या वर बांध घालणार असाल तर वेगळे नियम लागतात. इंग्लंडमध्ये आजूबाजूच्या नैसर्गिक जमिनीपेक्षा वर २५,००० घनमीटरहून अधिक पाणी अडवलं की धरण-सुरक्षेचा १९७५ चा कायदा लागतो आणि ठरावीक काळानं अभियंत्याची तपासणी येते. जमिनीखालच्या खड्ड्यातलं पाणी त्यात धरत नाहीत. अर्ध्या मीटरच्या बांधासाठी हा बोजा घ्यायचा का, हे आधी ठरवावं.

प्रश्न : खाणीच्या सुरुवातीला बाजूला काढून ठेवलेली सुपीक माती आता काठावर पसरून देतो असं कंपनी म्हणते. लवकर हिरवं दिसेल. घ्यावी का?

काठावर घेऊ नका. खाणीच्या जागेचं खरं वैभव म्हणजे तिथली उपाशी जमीन. उघडी खडी, वाळू आणि निकस काठ यांवर जे उगवतं ते सुपीक जमिनीवर तग धरत नाही. कंठेरी चिखल्या हा छोटा पक्षी ब्रिटनमध्ये घरटं करताना पहिल्यांदा आढळला १९३८ मध्ये, ट्रिंगच्या जलाशयाच्या उघड्या तळावर; पुढे तो देशभर पसरला तो मुख्यतः खडीच्या खाणींच्या आधारानं. त्याला गोट्यांतच अंडी घालायची असतात. तिथं माती टाकली की दोन उन्हाळ्यांत खाजकुयलीसारखं अंगाला झोंबणारं नेटल आणि दाट गवत येतं, आणि मातीतलं खत पाण्यात उतरून शेवाळ वाढतं. ती माती गवताळ माळासाठी, पाण्यापासून दूर, किंवा वाटेकडेच्या कुंपणझाडांसाठी वापरा.

विलोबद्दलही इथंच सांगतो, कारण निम्म्या पत्रांत ही तक्रार आहे. विलोचं बी कापसासारखं उडत मे-जूनमध्ये येतं, ओल्या उघड्या चिखलावर पडलं तर एक-दोन दिवसांत रुजतं आणि नाही पडलं तर काही आठवड्यांत मरतं. म्हणजे बी उडतं त्या आठवड्यांत चिखलावर १०-१५ सेंटीमीटर पाणी ठेवलं की त्या वर्षीचं बहुतेक काम वाचतं. जुलैअखेर पाणी उतरवा; स्थलांतरी चिखलपक्ष्यांना तेव्हाच चिखल हवा असतो. जी रोपं तरीही आली ती पहिल्या वर्षी हातानं उपटून निघतात, दुसऱ्या वर्षी कुदळ लागते, आणि चौथ्या वर्षी करवत आणि बुंध्यावर औषध. नुसती कापलेली विलो आधीपेक्षा दाट फुटते.

प्रश्न : सुरय पक्ष्यांसाठी तरंगता तराफा करायचा आहे. सामान कंपनी देणार, बांधणी स्वयंसेवक करणार. मागच्या खेपेचा तराफा एका कोपऱ्यातून बुडाला आणि त्याआधीच कुरव पक्ष्यांनी तो बळकावला होता. काय चुकलं असेल?

आपण पाठवलेल्या मापांवरून हिशेब करून पाहिला. तराफा ३ बाय ३ मीटर, म्हणजे ९ चौरस मीटर. त्यावर ५ सेंटीमीटर खडीचा थर म्हणजे ०.४५ घनमीटर, आणि घनमीटरला सुमारे १,६०० किलो धरले तर ७२० किलो. लाकडी सांगाडा, जाळी, कडा मिळून २५० किलो धरू. एकूण झाले ९७० किलो. २०० लिटरचं बंद प्लास्टिक पिंप स्वतःचं वजन जाता सुमारे १९० किलो उचलतं. आपण सहा पिंपं लावली होती, म्हणजे १,१४० किलो. कागदावर पुरे. पण एका पिंपाच्या बुचातून पाणी गेलं की उरले ९५०, आणि तराफा ९७० चा. तो त्या कोपऱ्यातून बुडणारच. आठ पिंपं लावली असती तर एक फुटूनही १,३३० किलोची उचल राहिली असती आणि साफसफाईला चढलेल्या माणसाचं वजनही पेललं असतं. पिंपांऐवजी पाणी न शोषणाऱ्या फोमचे ठोकळे मिळाले तर ते जास्त चांगले, त्यांना गळतीच नाही. लोखंडी पिंप नको, आतून गंजतं.

खडी १० ते २० मिलिमीटरची, धुतलेली घ्या. त्याखाली पाणी निघून जाईल असं जाड कापड अंथरा, नाहीतर खडी फटींतून गळत राहते आणि दुसऱ्या वर्षी नुसती फळी उरते. कडेला वीतभर उंचीची सलग फळी लावा. ही कड पुष्कळजण विसरतात किंवा जाळीवर भागवतात. उडता न येणारं पिल्लू घाबरलं की काठाकडे पळतं आणि पाण्यात पडतं. पोहून परत आलं तरी चढायला जागा नसते. म्हणून दोन बाजूंना पाण्यात उतरणाऱ्या खडबडीत उतरत्या फळ्याही हव्यात. पिल्लांना ऊन आणि मोठे कुरव यांच्यापासून दडायला अर्धगोल कौलं किंवा हातभर लांबीचे पाइपचे तुकडे ठेवा. तराफ्यावर पाच-सहा पुरेत.

नांगराचं सांगतो. पाणी ३ मीटर आणि पुरात दीड मीटर चढतं असं आपण लिहिता, म्हणजे सर्वाधिक खोली साडेचार मीटर. साखळी तिच्या दीडपट तरी, सुमारे ७ मीटर हवी. समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोन. आखूड साखळी पुरात कोपरा खाली ओढते, आणि हेही आपल्याकडे घडलं असणं शक्य आहे. काँक्रीटचा ठोकळा पाण्यात आपल्या वजनाच्या सुमारे ६० टक्केच भरतो, हे विसरून १०० किलोचा ठोकळा पुरेल असं समजू नये.

कुरवांचा प्रश्न वेळेचा आहे. काळ्या डोक्याचे कुरव मार्चपासूनच जागा धरतात, सुरय ब्रिटनमध्ये एप्रिलच्या उत्तरार्धात येतात. तराफा हिवाळ्यात काठावर ओढून ठेवा किंवा ताडपत्रीनं घट्ट झाका, आणि पहिले सुरय तळ्यावर घिरट्या घालू लागले की उघडा. उघडायला कोण जाणार, नाव कोणाची आणि त्या दिवशी तो नसला तर दुसरा कोण, ही नावं जानेवारीतच ठरवा. एक आठवडा उशीर चालतो, तीन आठवडे लवकर चालत नाही. अंडी पडल्यावर ऑगस्टपर्यंत तराफ्याजवळ नाव नेऊ नका.

प्रश्न : आमचा मासेमारी क्लब या तळ्यांवर तीस वर्षं आहे. राखीव झालं की आम्हाला हाकलणार, अशी सभासदांना भीती आहे. दोन्ही एकत्र नांदू शकतात का?

नांदू शकतात, पण एकाच तळ्यात सगळं नको. माशांचा आणि बदकांचा झगडा खराच आहे, आणि तो लपवून मैत्री टिकत नाही. ग्रेट लिनफर्डच्या खाणतळ्यांवर गेम कॉन्झर्व्हन्सी ही संस्था आणि एमी रोडस्टोन ही खाण-कंपनी यांनी मिळून १९७० च्या दशकापासून यावर काम केलं. तळ उकरून खाणारे ब्रीमसारखे मासे एका तळ्यातून काढल्यावर पाणवनस्पती परतल्या, किडे वाढले आणि बदकपिल्लं जास्त जगली. कारण साधं आहे. शेंडी बदकाची आणि मॅलार्डची पिल्लं पहिल्या काही आठवड्यांत मुख्यतः पाणकिड्यांवर, विशेषतः तळातल्या डासासारख्या माश्यांच्या अळ्यांवर वाढतात, आणि ब्रीमचं खाणंही तेच. शिवाय ब्रीम आणि कार्प तळ ढवळतात, पाणी गढूळ होतं, प्रकाश खाली पोचत नाही आणि पाणवनस्पती मरतात. कार्पचं वजन हेक्टरी काही शेकडो किलोंवर गेलं की स्वच्छ तळं बहुधा गढूळ होतं आणि मग आपोआप निवळत नाही.

म्हणून तळी वाटून घ्या. खोल, उभ्या काठाचं तळं क्लबला. उथळ, बेटांचं तळं पक्ष्यांना, आणि त्यात मासे सोडायचे नाहीत. सामाईक तळं असेल तर बसण्याच्या जागा एकाच काठावर, समोरचा काठ बंद. क्लबला लेखी पट्टा द्या, वर्षावर्षाच्या तोंडी परवानगीवर ठेवू नका; पट्टा असलेला क्लब पहाटे पाच वाजता तळ्यावर असलेला आपला डोळा असतो. चोरून टाकलेला कचरा, तुटलेलं कुंपण, मेलेले मासे हे सगळं आधी त्यांनाच दिसतं.

क्लबकडून दोन गोष्टी मागा. दोरा तुटला की तो झुडपातून काढून न्यायचा; पक्षी त्यात अडकून मरतात. ब्रिटनमध्ये शिशाची छोटी वजनं गिळून हंस मरत होते म्हणून १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री थांबवली आहे. आपल्याकडे तसा नियम नसला तरी क्लबनं तो स्वतःपुरता करावा. आणि दुसरं, जाळी-बूट धुवून वाळवणं. केंब्रिजशायरच्या ग्राफम वॉटरमध्ये २०१० मध्ये 'किलर श्रिम्प' ही परकी कोळंबीवजा जात सापडली. ऑस्ट्रेलियन स्वॅम्प स्टोनक्रॉप ही पाणवनस्पती तर तिच्या बारीकशा तुकड्यापासून पुन्हा रुजते. जाळ्या ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १५ मिनिटं बुडवल्या तर यांतले बहुतेक जीव मरतात. तळ्याच्या फाटकाशी गरम पाण्याची टाकी आणि थर्मामीटर ठेवायला कंपनीकडे मदत मागा. नुसत्या पाटीनं कोणी धूत नाही.

प्रश्न : खाणीत एक जुना गाळाचा हौद आहे, वर गवत आलं आहे, जमीन वाटते. तिथून निसर्गवाट नेली तर चालेल का?

नाही. खडी धुतल्यावर येणारा बारीक गाळ अशा हौदात साठवलेला असतो. वरची साय वाळून दोन-तीन वितींची होते, तीवर गवत आणि लहान विलो उगवतात, आणि खाली तो कित्येक वर्षं रबडीसारखाच राहतो. कुत्रा चालून जातो, माणूस कमरेपर्यंत जातो, आणि ओढून काढताना ओढणाराही आत जातो. कंपनीकडून सगळ्या जुन्या हौदांचा नकाशा लेखी मागा, भरून टाकलेल्यांचाही. कडेनं काटेरी झुडपांची दाट रांग लावा, कारण तारेचं कुंपण मुलं वाकवतात. या हौदांत बोरू लावला तर उत्तम बोरूवन होतं. तिथं माणूस जात नाही हाच त्याचा फायदा. रोपं लावतानाचं पाणी पानांची टोकं बुडतील इतकं नको आणि पहिली दोन वर्षं कलहंसांपासून जाळीनं राखा. ते कोवळे कोंब मुळापर्यंत खातात.

तळ्याच्या काठाबद्दलही एक ओळ. उभा काठ असेल तर पाण्यात पहिले दोन-तीन मीटर गुडघाभर खोलीची पायरी ठेवून मग खोली उतरवा. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट लागतं, खालचं थंडगार असतं, आणि १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलेल्या माणसाचा श्वासावरचा ताबा सुटतो. चांगला पोहणाराही त्यात बुडतो.

प्रश्न : पहिल्या वर्षी चाळीस स्वयंसेवक होते, आता सहा उरलेत. अनुदानातून दोन निरीक्षण-झोपड्या बांधल्या, पण रोजच्या कामाला पैसा नाही.

ही दोन वेगळी दुखणी नाहीत. अनुदान झोपडी बांधायला मिळतं, झोपडीचं छप्पर दहा वर्षांनी बदलायला मिळत नाही. ब्रिटनमध्ये २००२ मध्ये खडी-वाळूवर कर आला, त्यातला काही भाग खाणपरिसरासाठीच्या निधीत जायचा. २०११ मध्ये तो निधी बंद झाला आणि त्यावर चाललेल्या कामांना दुसरी दारं शोधावी लागली. म्हणून खाण चालू असतानाच कंपनीकडून उपशाच्या दर टनामागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात घ्या. ती किती हवी याचा अंदाज असा: मुद्दल न मोडता दरसाल ४ टक्के काढायचे असतील तर वार्षिक खर्चाच्या २५ पट निधी लागतो, ३ टक्केच काढले तर सुमारे ३३ पट. हा आकडा पाहून भागीदार दचकतात, पण दचकलेले बरे. निधी तेवढा होणार नसेल तर राखीवच लहान आखा.

आउस फेनला, म्हणजे नीडिंगवर्थच्या खाणीवर, हॅन्सन ही कंपनी (२०२३ पासून तिचं नाव हायडलबर्ग मटेरियल्स) आणि आरएसपीबी ही पक्षीसंरक्षण संस्था सुमारे ७०० हेक्टरची पाणथळ टप्प्याटप्प्यानं उभी करत आहेत. एक टप्पा उपसून, घडवून झाला की तो संस्थेकडे येतो आणि खोदकाम पुढे सरकतं. खाण चालू असल्यामुळे यंत्रं, पंप आणि माणसं हाताशी राहतात. छोट्या खाणीलाही हे जमतं. सगळी जागा एकदम अंगावर घेणं हीच मोठी चूक.

स्वयंसेवक जातात ते कंटाळून. कामाचा शेवट दिसत नाही, हत्यारं कमी पडतात, आणि दहा जणांना सांगणारा एकही जाणकार नसतो. आठ-दहांमागे एक प्रमुख ठेवा, महिन्यातला एकच दिवस पक्का करा, आणि काम असं द्या की संध्याकाळी मागे वळून पाहिलं तर दिसावं: 'विलो काढणे' असं न सांगता 'दक्षिणेचं बेट मोकळं करणे'. बेटं सप्टेंबर ते फेब्रुवारीत, गवत ऑगस्टनंतर; कापलेलं गवत उचलून न्यायचं, तिथंच टाकलं तर जमीन पुन्हा सुपीक होते. ज्यांना कुदळ झेपत नाही त्यांना मोजणी द्या. दर महिन्याला ठरलेल्या एका रविवारी, त्याच जागांवरून, त्याच क्रमानं पक्षी मोजायचे. ब्रिटनमध्ये अशा गणनेची परंपरा १९४७ पासूनची आहे. शून्य मोजलं तरी शून्य लिहा. रिकामी ठेवलेली चौकट दहा वर्षांनी 'कोणी गेलंच नाही' की 'पक्षीच नव्हते' हे सांगू शकत नाही.

जवळ विमानतळ असेल तर त्यालाही पहिल्या बैठकीला बोलवा. ब्रिटनमध्ये विमानतळापासून १३ किलोमीटरच्या आत नवं पाणी करायचं तर पक्षी-धडकेचा विचार करावा लागतो. कलहंस आणि कुरव वाढू नयेत म्हणून मोकळी गवती बेटं टाळून बोरू आणि झुडपं लावण्याचा तोडगा निघतो.

प्रश्न : (एका चालू खाणीच्या व्यवस्थापकांकडून) सँड मार्टिन या भिंगऱ्या दर वर्षी नेमक्या आमच्या विक्रीच्या वाळूच्या ढिगात बिळं करतात. मग ढीग ऑगस्टपर्यंत हलवता येत नाही. काय करावं?

ढीग उभा कापलेला ठेवू नका. लोडरनं रोज काम संपताना त्याची कड ढकलून उतरती केली की भिंगरी तिथं बीळ करत नाही. तिला उभी भिंतच लागते. हे मार्चच्या सुरुवातीपासून करावं लागतं, कारण पहिल्या भिंगऱ्या मार्चच्या मध्यापासून येतात. बीळ पडल्यावर मात्र हात लावायचा नाही.

त्याबरोबर एक भिंत त्यांच्यासाठी सोडा, वाहतुकीपासून दूर, समोर पाणी असलेली. दोन मीटर तरी उंच, अगदी उभी, वरच्या भागात बारीक घट्ट वाळूचा थर असलेली. बीळ पाच सेंटीमीटर रुंद आणि हातभर खोल जातं. मध्ये गोट्यांचा थर आला तर त्या अर्ध्यावर सोडून देतात. भिंतीच्या पायाशी ढासळलेली वाळू दर फेब्रुवारीत यंत्रानं उचला, नाहीतर त्या ढिगावर चढून कोल्हा खालची बिळं उकरतो. त्याच वेळी भिंतीचा दर्शनी अर्धा मीटर कापून काढा. जुन्या बिळांतल्या पिसवा आणि गोचिड्या त्याबरोबर जातात आणि भिंगऱ्यांना कोरी वाळू मिळते. खाण बंद झाल्यावर हे कापायला यंत्र नसेल, तेव्हा त्याच जागी वाळू भरलेल्या नळ्यांची काँक्रीटची भिंत बांधता येते. तिच्या मागच्या बाजूला दार ठेवा, म्हणजे हिवाळ्यात जुनी वाळू काढून नवी, किंचित ओलसर वाळू भरता येईल. कोरडी वाळू भोकातून वाहून जाते.